मिठाची एकच पुडी

"एकच कांदा पाठवलाय," अक्का म्हणाली. "तोही पिशवीत बांधून. जसा काही पळूनच जाणार होता."

मंगळवारची दुपार होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठ्याचा मोठा खोका उघडा पडला होता आणि अक्का त्यातली एकेक वस्तू काढून खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. दोन गाजरं. चार बटाटे, सगळे एका मापाचे, शाळेतल्या मुलांसारखे. पेलाभर मसूर. अर्धं लिंबूच पाठवायचं राहिलं म्हणून की काय, एक अख्खं लिंबू. आणि वीसेक छोट्या पुड्या. मीठ, मिरपूड, हळद, साखर, तेलसुद्धा पुडीत. सगळ्यात खाली तीन गुळगुळीत कार्डं होती. प्रत्येक कार्डावर एका जेवणाची कृती पायऱ्या घालून छापलेली.

तेलाची पुडी तिने दोन बोटांत धरून माझ्याकडे वळवली. "एवढं तेल तर मी शिवणयंत्राला घालते."

मी दाराशी वर्तमानपत्र धरून उभा होतो. हसलो, पण फार नाही. खोका सूनबाईने मागवला होता आणि दोघींच्या मधे हसण्याची मला सवय नाही.

सूनबाई हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशिनवर काम करते. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. कुठल्या इमारतीत कोण कधी अडकेल याचा नेम नसतो, म्हणून तो घरी कधी येईल याचाही नसतो. नात दहा वर्षांची आहे आणि तिला शाळेखेरीज तीन क्लास आहेत. आदल्या रविवारी सूनबाईने सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, की आता दर आठवड्याला तीन जेवणांचा असा खोका येईल. बाजारात जायला नको, आज काय करायचं म्हणून डोकं खाजवायला नको, उरलंसुरलं टाकायला नको. दमलेल्या घरांसाठीच ही सोय निघाली आहे, असं ती म्हणाली. मला ते पटलं होतं. अक्का म्हणाली होती, दमलंय कोण ते तरी कळू दे. मी तर नाही दमले.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. माझी बायको गेली तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. अक्का पंधरा दिवसांसाठी म्हणून आली, एक पिशवी घेऊन. त्याला आता तेहतीस वर्षं झाली. त्याआधी ती मुलींच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होती. ऐंशी मुलींचा स्वयंपाक तिने एका हाताने ओढला, असं ती सांगत नाही, पण तिचं पातेलं उचलणं बघितलं की समजतं. तिने कधी काही मोजलं नाही. तिच्या मुठीला, चिमटीला, ओंजळीला मापं ठाऊक होती.

"माझ्या घरात पुडीत काही राहत नाही," असं म्हणून तिने कात्री घेतली. मीठ मिठाच्या बरणीत गेलं, हळद हळदीच्या डब्यात, साखर साखरेच्या. तेल बाटलीत ओतताना तिने प्रत्येक पुडी दोन बोटांनी तळापर्यंत निपटून काढली. पंधरा-वीस मिनिटांत सगळा खोका घरात मुरून गेला. तिने पुठ्ठा घडी करून कपाटामागे सरकवला आणि कार्डं मला दिली. "घे धाकट्या, वाचायला. तुझ्या कामाची आहेत."

पुड्या मोजलेल्या असतात, त्या फोडल्या तर खोक्याला काही अर्थच उरत नाही, हे मला दिसत होतं. म्हणायला हवं होतं. मी कार्डं घेऊन खोलीत गेलो. चाळीस वर्षं मी एका ग्रंथालयाच्या खिडकीशी बसलो. दोन वाचक भांडायला लागले तर त्यांना काही न बोलता भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडे बोट दाखवायचो. घरात तशी पाटी नाही.

संध्याकाळी सूनबाई आली, हात धुऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने खोका कुठाय म्हणून विचारलं. अक्काने मोठ्या समाधानाने सांगितलं की सगळं जागच्या जागी लावून ठेवलंय. मी बाहेरून बघत होतो. सूनबाईने कचऱ्याच्या डब्यातून रिकाम्या पुड्या एकेक करून वर काढल्या, टेबलावर ओळीने मांडल्या, थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि परत डब्यात टाकल्या.

त्या रात्रीचं मसुराचं सूप खारट झालं होतं. नातीने एक चमचा घेतला आणि आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच तिला दाबलं. आम्ही सगळे जेवलो. मुलगा पाण्याचा तांब्या दोनदा भरून आला. अक्काने स्वतःचं सूप संपवलं आणि विचारलं, "छान झालंय ना?" मी छान झालंय म्हणालो.

असं मी पाच-सहा महिने म्हणत आलो होतो. मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. एकदा भात लावलाच नव्हता आणि अक्का शिट्टीची वाट बघत बसली होती. सगळ्यांना दिसत होतं. गप्प राहणं म्हणजे तिला जपणं, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. खरं तर ते भित्रेपण होतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आंघोळीला गेल्यावर सूनबाई माझ्या खोलीत आली. कामावर जायचे कपडे घातलेले, खांद्याला पिशवी. ती बसली नाही.

"बाबा, तुम्ही काल बघत होतात ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग थांबवलं का नाहीत? मला काय हौस आली होती का हो खोक्याची? आपल्याकडे भाजीवाला दारात येतो." मग तिने आवाज उतरवला. "त्या खोक्यात एका जेवणाला मिठाची एकच पुडी असते. एकदा घातली की संपली. घातली की नाही ते आठवलं नाही, तरी दुसऱ्यांदा घालायला उरतच नाही. बरणी मी उचलून वर ठेवणार होते. म्हणून मागवला."

आम्ही सगळे घाईत असतो म्हणून खोका, हे मी खरं धरून चाललो होतो.

बाकीचं तिने भराभर सांगितलं. मागच्या महिन्यात रिकामं पातेलं गॅसवर राहून काळं झालं, ते माझ्या मुलाला सापडलं होतं. त्याने ते कुणाला न दाखवता बाहेर नेऊन टाकलं होतं आणि तेव्हापासून त्याचं एकच चाललं होतं: अक्काने गॅसला हात लावायचा नाही, स्वयंपाकाला बाई ठेवायची. त्याचं अक्कावर प्रेम नाही असं नव्हे. तो तिच्या हातचं खाऊन वाढलेला. पण त्याच्या कामात दोर झिजलेला दिसला की लिफ्ट त्याच दिवशी बंद करतात, कोणी पडायची वाट बघत नाहीत. सूनबाईने त्याच्याकडून तीन आठवडे मागून घेतले होते. तीन आठवड्यांत काही बिघडलं नाही तर स्वयंपाकघर अक्काचं. बिघडलं तर तो सांगेल तसं.

"आणि त्यांना बसवलं ना बाजूला," ती पिशवी सावरत म्हणाली, "तर त्या बसतील. काही म्हणणार नाहीत. माझे पेशंट बघते ना मी. घरच्यांनी सगळं हातातून काढून घेतलं की माणूस खुर्चीत बसतो, आणि मग तिथनं उठत नाही." दारातून वळून तिने शेवटचं सांगितलं. "तुम्ही बोला त्यांच्याशी, बाबा. माझ्या बोलण्याने त्यांना कमीपणा वाटेल. पुड्या फोडू नका एवढंच सांगा."

एवढंच. मी सकाळभर ते वाक्य मनात जुळवत होतो. 'अक्का, त्या पुड्यांचं असं आहे' इथपर्यंत जमायचं.

शेवटी मला जे बोलून जमत नाही ते मी करायला घेतलं. दुपारी अक्का आडवी झाल्यावर मी मिठाची बरणी, हळदीचा डबा आणि चमचे खोलीत नेले, दार लोटलं, आणि उरलेल्या दोन कार्डांवर छापलं होतं त्याप्रमाणे मोजून पुड्या बांधायला बसलो. कागदाची घडी मला चांगली येते. पुस्तकांना कव्हरं घालून हात बसलेला. मिठाच्या दोन पुड्या झाल्या, त्यांवर मी बारीक अक्षरात 'मीठ, बुधवार' आणि 'मीठ, शुक्रवार' असं लिहिलं. हळदीची बांधत होतो तेव्हा दार उघडलं.

अक्का दारात उभी. केस सुटलेले, डोळ्यांवर झोप. तिने पलंगावर मांडलेला सगळा पसारा बघितला.

"दुकान थाटलंस?"

मी म्हणालो की कंपनीने काही पुड्या जादा पाठवल्या होत्या, त्या सापडल्या. मला खोटं बोलता येत नाही. त्यातून पुडीवर माझं अक्षर.

ती आत आली आणि पलंगाच्या काठावर बसली. 'मीठ, बुधवार' उचलून तिने वाचलं. मग ती तळहातावर ठेवली.

"वसतिगृहात थोरल्या मावशी होत्या," ती म्हणाली. "तुला आठवत नसतील. मी लागले तेव्हा स्वयंपाकघर त्यांचं होतं. पुढे पुढे त्या विसरायला लागल्या. मग वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, की तू सकाळी लवकर येऊन सगळं मोजून वाट्यांमध्ये काढून ठेवत जा, त्या नुसतं घालतील. मी ठेवायचे. महिनाभर. मग एक दिवस बाईंनी दाराशी एक खुर्ची ठेवली आणि मावशींना म्हणाल्या, इथे हवेशीर आहे, इथे बसून मटार सोला. आणि पळी माझ्या हातात दिली."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"मटार संपले तरी त्या बसून राहायच्या. मला हाक मारून विचारायच्या, अगं आणखी आहेत का." तिने पुडी खाली ठेवली. "काल तो खोका उघडला आणि मोजून बांधलेलं मीठ बघितलं, तेव्हाच समजले मी. म्हणून फोडल्या सगळ्या. मला काय, कात्रीने गोष्ट मिटेल असं वाटलं."

"अक्का, तसं नाही," मी म्हणालो. मग मात्र मला जे माहीत होतं ते सगळं मी सांगून टाकलं. तीन आठवडे, काळं पातेलं, सूनबाईने नवऱ्याकडून मागून घेतलेली मुदत. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, चमच्याकडे बघत होतो. इतकं सलग मी तिच्याशी कित्येक वर्षांत बोललो नसेन.

ती ऐकत राहिली. "म्हणजे पोरीने माझ्यासाठी मागवला होय खोका," ती शेवटी म्हणाली. "आणि मी तिला टोमणे मारले." थोड्या वेळाने म्हणाली, "मला खरंच आठवत नाही रे, धाकट्या. हात बरणीत असतो आणि कळत नाही, की आता घालायचंय की घालून झालंय. चाखून बघावं तर जिभेलाही धड कळत नाही. मग वाटतं, घालून टाकावं. अळणी जेवण वाढायची लाज वाटते."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. तिने कार्ड उचललं, लांब धरून वाचलं आणि नाक मुरडलं. "पण हे माप चुकीचं आहे. एवढ्या भाज्यांना एवढंसं मीठ? दवाखान्यातलं जेवण आहे का? पुड्या बांधायच्या तर माझ्या हाताच्या बांध."

असं आमचं काम सुरू झालं. ती बरणीतून चिमूट घ्यायची, कागदावर ठेवायची, आणि मी ती सपाट चमच्याने मोजून टिपून घ्यायचो. ग्रंथालय सोडताना मी पुस्तकांच्या नोंदींची जुनी कोरी कार्डं घरी आणली होती, कशाला ते मलाही माहीत नव्हतं. ती आता कामी आली. 'भाज्यांचं सूप, पाच माणसं: मीठ सपाट सव्वा चमचा.' एका मोजण्यावर माझा विश्वास बसेना. मी तिला परत घ्यायला लावलं, मग परत. सात वेळा. सातही वेळा सव्वा चमचा भरला.

"झालं का समाधान?" ती म्हणाली. "का आता साक्षीदार आणायचे?"

मुठीने तांदूळ, ओंजळीने डाळ, दोन बोटांत मावेल एवढी मिरपूड. आठ-दहा दिवसांत एकोणीस पदार्थ टिपून झाले. विसाव्या पदार्थाच्या वेळी तिला त्यात काय काय घालतात ते आठवेना. मी कार्ड कोरंच गठ्ठ्यात ठेवलं आणि आम्ही चहा केला.

रोज सकाळी मी त्या दिवसाच्या पुड्या बांधून ओट्यावर क्रमाने मांडायचो आणि मिठाची बरणी माझ्या खोलीत ठेवायचो. संध्याकाळी ती स्वयंपाक करायची आणि मी स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन पुस्तक वाचत बसायचो. गॅस बंद झाला की नाही ते बघणं माझं काम. ती मला म्हणायची की तू वाचतोस की राखण करतोस ते तरी नीट ठरव, पान एकच उघडं आहे मघापासून. दुसरा खोका आला तेव्हा तिने त्यातल्या भाज्या घेतल्या आणि कंपनीच्या पुड्या न फोडता बाजूला ठेवल्या. सूनबाईने ओट्यावरच्या माझ्या पुड्या बघितल्या, एक उचलून वास घेतला, अक्षर ओळखलं. तिने तिसरा खोका बंद करायला कळवलं. नवऱ्याला मात्र तिने काही सांगितलं नाही. तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, वाढलेलं जेवायचा आणि झोपायचा. दोन आठवडे जेवण जसं असायला हवं तसं होतं, आणि त्यावरही तो काही बोलला नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस रविवार होता. मुलाने सुट्टी घेतली होती. तो दुपारी कुणाकडे तरी स्वयंपाकाच्या बाईची चौकशी करायला गेल्याचं मला सूनबाईकडून समजलं. बघून ठेवायला काय हरकत आहे, असं तो तिला म्हणाला होता. मी अक्काला ते सांगितलं नाही. तिने त्या दिवशी धुतलेली साडी नेसली आणि भाज्यांचं सूप करायचं ठरवलं, तेच पहिलं, सव्वा चमच्याचं.

साडेसहाच्या सुमारास दाराची घंटा वाजली. मी खुर्चीवरून उठून गेलो. मुलगा होता, चावी विसरला होता. बुटांची गाठ सोडता सोडता तो मला बाईबद्दल सांगू लागला. चांगली आहे, दोन वेळा येईल, उद्यापासून सुद्धा येऊ शकते. मी हं हं करत उभा राहिलो. तीन-चार मिनिटं गेली असतील. परत स्वयंपाकघरात आलो तर गॅस बंद होता, ओटा पुसलेला होता, आणि ओट्यावर एकही पुडी नव्हती. सगळं ठीक झालं असं मला वाटलं.

आम्ही पाच जण जेवायला बसलो. अक्काने उजव्या हाताने सगळ्यांना वाढलं. नातीने पहिला चमचा घेतला आणि मग तिचा चमचा वाटीतच राहिला. मग मी घेतला. सूप अगदी अळणी होतं.

मुलाने दोन घोट घेतले आणि चमचा खाली ठेवला. सूनबाई त्याच्याकडे बघत होती. तो अक्काकडे वळला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. लहानपणी तो ज्या आवाजात तिला काही मागायचा त्या आवाजात त्याने विचारलं, "अक्का, मीठ घातलंस का गं?"

"घातलं की," अक्का म्हणाली. मग थांबली. तिने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. तिचा डावा हात मांडीवर होता, मूठ वळलेली. मला वाटतं वाढायला घेतल्यापासून ती तशीच असावी. तिने ती टेबलावर आणली आणि उघडली. आत पुडी होती. घामाने कागद मऊ झालेला, माझं अक्षर पुसट झालेलं, पण घडी मोडलेली नव्हती.

तिने त्या पुडीकडे असं पाहिलं, जसं काही ती दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात आहे.

मला वाटलं, संपलं. माझ्या मनात दारापाशी ठेवलेली एक खुर्ची येऊन गेली.

मुलाने हात पुढे केला आणि तिच्या तळव्यावरची पुडी उचलली. उलटी करून बघितली, मग तिच्यावरचं अक्षर वाचलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याने सावकाश घडी सोडवली. मोठमोठ्या यंत्रांत राबलेली त्याची बोटं, नखांत काळं वंगण, त्या बोटांनी चिमूटचिमूट करून त्याने आधी नातीच्या वाटीत मीठ घातलं, मग सूनबाईच्या, माझ्या, स्वतःच्या. शेवटची चिमूट अक्काच्या वाटीत. त्याने तिची वाटी स्वतःच ढवळली आणि तिच्यापुढे सरकवली.

"आता बघ," तो म्हणाला.

अक्काने एक चमचा घेतला. आम्ही थांबलो होतो. ती मान हलवून म्हणाली, "आता बरोबर आहे."

मुलाने चाखलं. तो पुढे खात राहिला. वाटी अर्धी झाल्यावर, वर न बघता, त्याने मला विचारलं, "बाबा, उद्याच्या पुड्या बांधल्यात?"

"बांधतो," मी म्हणालो.

"मिठाची मोठ्या अक्षरात लिहा. दिसत नाही ती."

सूनबाई उठून पाणी आणायला गेली आणि जरा जास्तच वेळ तिकडे राहिली. टेबलावर मुलाच्या हाताशी तो रिकामा कागद पडला होता. अक्काने तो उचलला, घड्यांच्या खुणांवरून बोट फिरवत सपाट केला, पुन्हा चौकोनी दुमडला आणि डाव्या मुठीत धरला. मग उजव्या हाताने चमचा घेऊन ती जेवू लागली.